छाटलेला आवाज जोडणारे चाहते

बीटल्सच्या ‘नाऊ अँड देन’ या गाण्याला 2025 मध्ये ग्रॅमी मिळालं आणि घरगुती कॅसेटमधून जॉन लेननचा आवाज वेगळा काढणाऱ्या तंत्रज्ञानाचं भरभरून कौतुक झालं. ते रास्तच आहे. पण रॉकच्या बिघडलेल्या ध्वनिमुद्रणांची डागडुजी हौशी चाहते कितीतरी आधीपासून करत आले आहेत. त्यांचं नाव या कौतुकात कुठेच आलं नाही, हे मनाला लागतं.

मेटॅलिका या बॅण्डचा ‘डेथ मॅग्नेटिक’ घ्या. 12 सप्टेंबर 2008 रोजी हा अल्बम आला आणि चाहत्यांचे कान किटले. डिजिटल ध्वनीला एक कमाल पातळी असते. सगळंच मोठ्याने वाजावं म्हणून आवाज दाबून त्यापलीकडे रेटला की लहरींचे शेंडे सपाट छाटले जातात. ड्रमचा ठोका ठोका राहत नाही, नुसती खरखर उरते. या अल्बमचं तेच झालं.

त्याच सुमारास ही गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्येही आली होती. खेळणाऱ्याचा सूर चुकला की फक्त त्याची गिटार गप्प व्हायला हवी, म्हणून गेमला प्रत्येक वाद्याचा ट्रॅक स्वतंत्र लागतो. हे ट्रॅक फारसे दाबलेले नव्हते. चाहत्यांनी ते मिळवले, पुन्हा एकत्र मिसळले आणि मूळ सीडीपेक्षा मोकळा श्वास घेणारा अल्बम तयार झाला. अल्बमचं मास्टरिंग, म्हणजे अंतिम ध्वनिसंस्करण, करणारे टेड जेन्सन यांनी तर एका चाहत्याला कळवलं, की मिक्स आपल्याकडे आले तेच दाबलेले होते आणि या कामाशी नाव जोडलं गेल्याचा आपल्याला अभिमान नाही. फेरमिश्रण करावं, या मागणीच्या अर्जावर 10,000हून अधिक सह्या झाल्या. ड्रमर लार्स उलरिक मात्र आवाजावर खूश होता!

चाहत्यांच्या सगळ्याच फेरफारांना मी डागडुजी म्हणणार नाही. याच बॅण्डच्या 1988 च्या ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये बेसवादक जेसन न्यूस्टेडचा बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. त्याने वाजवलेला बेस वर आणणं योग्यच. पण काही चाहते स्वतः बेस वाजवून तो मिसळतात. ते ऐकायला छान लागतं, तरी न्यूस्टेडचं वादन त्यात नसतंच. 2018 च्या अधिकृत आवृत्तीतही बेस होता तिथेच राहिला.

छाटलेले शेंडे सॉफ्टवेअर अंदाजानेच भरतं. म्हणून न दाबलेले मिक्स कंपन्यांनीच विक्रीला काढावेत. पैसे मोजून ते घ्यायला चाहते तयार आहेत.