समुद्र बघायला जाताना

मी बेंबळीहून बोलतेय. बचत, कर्ज, परतफेड हे आपले नेहमीचे विषय आज बाजूला ठेवू. आज सहलीचं बोलायचंय. हिवाळा लागला की प्रत्येक गटात कुणीतरी म्हणतंच, "ताई, एकदा समुद्र दाखवा की." आपल्याकडच्या कितीतरी बायकांनी पंढरपूर पाहिलंय, तुळजापूर तर घरचंच. पण देव, लग्न, दवाखाना किंवा ऊसतोड सोडून घराबाहेर मुक्काम केलेल्या किती जणी आहेत? पुढच्या बैठकीत हात वर करून मोजा.

आम्ही तीन गटांच्या मिळून एकवीस जणी रत्नागिरीला जाऊन आलो. तेव्हा जे कळलं ते सांगते. तुम्हाला अलिबाग किंवा मालवणला जायचं असलं तरी यातलं बरंचसं कामाला येईल.

पहिला प्रश्न पैशाचा, आणि भांडणं इथंच होतात. गटाच्या बचतीतून सहल काढायची नाही. फिरत्या निधीला तर हातच लावायचा नाही. ते पैसे अंतर्गत कर्जासाठी असतात. कुणाच्या पोराची फी, कुणाच्या शेळीचं औषध त्यातून होतं. सहलीसाठी वेगळी वही घाला. आम्ही दर महिन्याला दीडशे रुपये अठरा महिने टाकले. एकीचे 2,700 झाले. ज्या दोघी मध्येच थांबल्या त्यांचे पैसे व्याजाबिजाच्या भानगडीत न पडता जसेच्या तसे परत केले. वही सगळ्यांसमोर वाचली, त्यामुळे गावात कुणाला बोलायला जागा राहिली नाही.

एस.टी.ने गेलो तर बाईला अर्धं तिकीट आहे, 17 मार्च 2023 पासून. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजीबाईंना तर तिकीटच नाही. त्यांनी आधार कार्ड जवळ ठेवायचं, म्हणजे वाहकाशी वाद होत नाही. अख्खी गाडी करारावर घ्यायची असेल तर हिशेब वेगळा, तो आगारात आधी विचारून घ्या. आपल्याकडून तुळजापूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर असा रस्ता आहे. नागपूर-रत्नागिरी महामार्ग म्हणतात तो हाच. अंतर 400 किलोमीटरहून जास्त. एका दमात जाऊ नका. कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन घेऊन रात्र काढा आणि सकाळी उजेडात आंबा घाट उतरा. घाटात वळणं फार. ज्यांना गाडी लागते त्यांनी पोट तुडुंब भरून बसू नये, पुढच्या बाकावर बसावं, आवळासुपारी किंवा आल्याचा तुकडा तोंडात ठेवावा.

कधी जायचं? सोयाबीन निघालेलं असतं, ज्वारी-हरभरा पेरून झालेला असतो आणि काढणी अजून लांब असते, तो डिसेंबर-जानेवारीचा काळ आपल्याला सोयीचा. फक्त नाताळ ते एक जानेवारी हे दिवस टाळा, तेव्हा खोल्या महाग आणि गर्दी अफाट. पावसाळ्यात जाऊ नका. आपल्याकडे चांगल्या वर्षी सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीत तीन हजारांच्या वर. घाटात दरड येते, समुद्र खवळलेला असतो. हापूस मात्र डिसेंबरात मिळायचा नाही. तेव्हा झाडाला मोहोर असतो. त्या दिवसांत कुणी "रत्नागिरी हापूस" म्हणून पेटी दाखवली तर पुढे चालायला लागा.

आता मुख्य गोष्ट, पाण्याची. ही नीट ऐका, कारण आपल्यातल्या बहुतेक जणींना पोहता येत नाही. आपण विहीर ओळखतो, तळं ओळखतो. समुद्र तसा नाही. तो दिवसातून दोनदा वर चढतो आणि दोनदा मागे जातो. चढतो ती भरती, मागे जातो ती ओहोटी. एकीपासून दुसरीपर्यंत साधारण सव्वासहा तास. हे चंद्राच्या ओढीमुळे होतं, म्हणून ही वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमाराला पाणी सगळ्यात जास्त चढतं, त्याला उधाण म्हणतात.

किनाऱ्यावरच्या लोकांचा एक सोपा हिशेब आहे आणि तो आपल्याला सहज जमेल, कारण तिथी आपल्याला पाठ असतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनच्या आणि रात्री तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि सकाळी-रात्री नऊच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा. शुद्ध पक्ष असो की वद्य, मोजणी तीच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण अंदाज येतो. आता बघा, गणपतीपुळ्याला चतुर्थीला गर्दी असते. दर्शन, जेवण उरकून माणसं दुपारी पाण्यात उतरतात, म्हणजे नेमकी भरती भरत असताना. आणि भरती उलटली की पाणी आत ओढायला लागतं. तिथल्या किनाऱ्याला उतार आहे, दोन पावलांत खोली बदलते. माणसं बुडाल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येतात, आणि त्यात घाटावरची, म्हणजे आपल्यासारखी, पाहुणी माणसं पुष्कळ असतात.

आम्ही नियम केला होता: घोट्याच्या वर पाणी नाही. पाठ समुद्राकडे करून फोटो नाही. लुगडं किंवा नऊवारी-पाचवारी नेसून लाटेत जायचं नाही. ओलं लुगडं इतकं जड होतं की पडलेल्या बाईला उठता येत नाही. पंजाबी ड्रेस घाला. सासूबाईंची चिंता करू नका, फोटोत सगळ्या तशाच दिसतील. पाण्यात एखादी जागा लाटांशिवाय शांत दिसली तर तिथे मुळीच जाऊ नका. दोन्ही बाजूंना लाटा फुटतात आणि मधून पाणी परत आत जातं, ती ओढीची जागा असते. कुणी ओढली गेली तर मागोमाग उडी मारायची नाही, ओरडून जीवरक्षकाला बोलवायचं. आणि जीवरक्षकाने शिट्टी मारली की बाहेर यायचं, त्याच्याशी हुज्जत नाही.

आता बघायचं काय ते सांगते. रत्नागिरीत रत्नदुर्ग किल्ला आहे, तीन बाजूंनी समुद्र. वर भगवती देवीचं देऊळ. किल्ल्यावरून खाली मिरकरवाडा बंदर दिसतं. आमच्यात चार माळकरी होत्या, त्या बंदरात यायला तयार नव्हत्या, पण शेवटी नाकाला पदर लावून आल्या. आल्याचं बरं झालं. होडीतून मासळी उतरते, लिलाव होतो आणि बाया टोपल्या भरून बाजारात नेतात. पुरुष समुद्रावर जातो, पण विकायचा हिशेब बाईच्या हातात. एका मासेविक्रेत्या मावशींना आम्ही विचारलं, पावसाळ्यात काय करता? त्या म्हणाल्या, जून-जुलैत होड्या बंद, म्हणून उन्हाळ्यात सुकट करून ठेवतो. दोन महिने यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदीच असते. आपल्या माळकरी मावशी लगेच म्हणाल्या, "म्हणजे आपल्या सांडगे-पापडासारखंच की."

लोकमान्य टिळकांचं जन्मघर टिळक आळीत आहे. पतितपावन मंदिरात अवश्य जा. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना भागोजीशेठ कीर यांनी ते बांधलं, 1931 साली, सगळ्या जातींच्या लोकांना आत येता यावं म्हणून. थिबा राजवाड्याची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. इंग्रजांनी 1885 साली त्याला गादीवरून काढलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. तीस वर्षं तो तिथेच राहिला, 1916 साली वारला. सोबत राणी आणि मुली. थोरल्या राजकन्येची मुलगी रत्नागिरीतच वाढली, मराठी बोलली, गरिबीत संसार केला आणि तिथेच म्हातारी झाली. राजवाड्याचं लाकूडकाम सुंदर आहे, पण आमच्या बाया खिडकीशी उभ्या राहून त्या मुलींचंच बोलत होत्या.

दुसरा दिवस गणपतीपुळ्याचा. आरे-वारेच्या रस्त्याने जा, एका बाजूला डोंगर आणि एका बाजूला समुद्र असतो. तिथे डोंगरच देव मानतात, म्हणून प्रदक्षिणा देवळाला नाही, अख्ख्या टेकडीला. चालायला चपला काढाव्या लागतात, सकाळी लवकर करा. जवळच मालगुंड, कवी केशवसुतांचं गाव, तिथे त्यांचं स्मारक आहे. वेळ उरला तर पावस.

आम्ही हॉटेलात न राहता एका घरगुती मुक्कामाला राहिलो. स्वस्त पडलं आणि संडास-बाथरूम स्वच्छ मिळालं. फोनवर ठरवताना हेच आधी विचारा: खोलीगणिक संडास आहे का, आतून कडी आहे का. पाळीची तारीख येणार असेल तर घाबरून सहल सोडू नका, पॅड आणि कागदी पिशव्या जास्तीच्या घ्या. भात-आमटीला कंटाळाल, म्हणून कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून न्या. आमची चटणी घरमालकीण ताईंना इतकी आवडली की दोन किलो ठेवून घेतली आणि बदल्यात कोकम आणि आंबापोळी दिली. आंबापोळीला त्यांच्या गटाचं लेबल होतं, त्यावर वजन, तारीख, गावाचं नाव. आपली चटणी मात्र दुधाच्या रिकाम्या पिशवीत होती. त्यावर आमची परतीच्या गाडीत बैठकच झाली.

शेवटचं एक. एका गटात एकल ताईचं नाव यादीतून कापलं होतं. "नवरा नाही, तिला कशाला सहल," असं घरचे म्हणाले आणि गट गप्प बसला. पैसे तर तिने सगळ्यांच्या आधी भरले होते. आम्ही तिघी-चौघी तिच्या सासऱ्यांकडे गेलो, मुक्कामाचा पत्ता आणि फोन नंबर लिहून दिला, रोज रात्री आठला फोन लागेल असं सांगितलं. दोनदा जावं लागलं. ती आली. तुमच्या यादीतही असं एखादं नाव असेल तर तारीख ठरवायच्या आधी त्या घरी जाऊन या. आरक्षण झाल्यावर बोलायला गेलं की लोक म्हणतात, आता जागा कुठे आहे?