तांब्यावर कोरलेला बहिष्कृत

सतराव्या शतकातील युरोपात ग्रंथाच्या आरंभी ग्रंथकाराचे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले चित्र छापण्याचा प्रघात होता. कलेच्या इतिहासात त्या काळाला बरोक म्हणतात. राजारामपुरीतले माझे विद्यार्थी विचारतात, या परक्या चित्रांशी आपला संबंध काय? स्पिनोझाचे चित्र पाहावे म्हणजे तो कळतो.

आधी कृती सांगतो. गुळगुळीत पत्र्यावर पोलादी कोरणीने रेघा कोरायच्या, त्यांत शाई भरायची, वरची शाई पुसायची आणि ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांतून दाबून काढायचा. खाचांतली शाई कागदावर उमटते. आपल्याकडच्या राजांनीही तांबे कोरले. पण ती दानपत्रे, बहुतांशी ब्राह्मणांना आणि देवस्थानांना दिलेल्या जमिनींची. ताम्रपट एकाच्या घरात हक्काचा पुरावा म्हणून राहिला. युरोपातल्या पत्र्यातून शेकडो प्रती निघाल्या.

ॲमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने २७ जुलै १६५६ रोजी २३ वर्षांच्या स्पिनोझाला बहिष्कृत केले. त्याच्याशी बोलू नये, एका छपराखाली राहू नये, चार हातांच्या आत जाऊ नये, त्याचे लिखाण वाचू नये, असा हुकूम होता. हुकूम देणारा समाज स्वतः स्पेन-पोर्तुगालच्या धर्मछळातून निसटलेला. छळलेलेही बहिष्काराचे शस्त्र उचलतात, हे जातीच्या उतरंडीत वाढलेल्यांना नव्याने सांगायला नको. मात्र फरक विसरू नये. त्याच्यावरचा बहिष्कार विचारासाठी, एका माणसावर. आपल्यावरचा जन्मामुळे, पिढ्यान्‌पिढ्या. तो भिंगे घासून जगू शकला. महार-मांगांना धंदा निवडण्याचीही मुभा नव्हती.

१६७७ मध्ये तो वारला. त्याच वर्षी मित्रांनी त्याचे ग्रंथ छापले. पहिल्या पानावर केवळ आद्याक्षरे, प्रकाशकाचे नाव नाही. तरीही काही प्रतींत त्याचा कोरलेला चेहरा आहे. १६७८ मध्ये हॉलंडच्या शासनाने त्यावर बंदी घातली.

बहिष्कृताचा चेहरा समाजासमोर आणणे ही कृती बंडाचीच असते. ९ डिसेंबर १९५० रोजी भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने कोल्हापूरच्या बिंदू चौकात जोतीराव फुले आणि बाबासाहेबांचे अर्धपुतळे बसले, तेव्हा बाबासाहेब हयात होते. पण स्पिनोझाचे चित्र ग्रंथाला जोडलेले होते; ते पाहणाऱ्याच्या हातात विचारही होता. आपण पुतळ्याला हार घालतो आणि ग्रंथ कपाटात ठेवतो. राजकारणातील भक्तीविरुद्ध बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत इशारा दिला होता. म्हणून कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना माझे सांगणे एवढेच, की प्रत्येक जयंतीला पुतळ्यासमोर त्यांच्या ग्रंथाचे एक प्रकरण तरी मोठ्याने वाचले जावे आणि त्यावर चर्चा व्हावी.