वळचणीवरच्या तारा

ऑगस्टअखेर आमच्या टाऊनहाऊस असोसिएशनचं परिपत्रक आलं. छतांच्या कडेचा बर्फ वितळवण्यासाठी बसवलेल्या सामाईक हीट केबल्सची देखभाल यापुढे असोसिएशन करणार नाही. ज्यांना त्या हव्या असतील त्यांनी आपापल्या घरापुरत्या स्वखर्चाने आणि स्वतःच्या जबाबदारीवर बसवाव्यात. केबलचा रंग काळा किंवा तपकिरी असावा, रस्त्यावरून ती दिसता कामा नये. रंगाची एवढी काळजी घेणाऱ्या त्या पत्रात ब्रेकरबद्दल, परवान्याबद्दल, तार खराब झाली तर वीज कशी तुटणार याबद्दल एक अक्षर नाही. कित्येकांच्या मेहनतीने उभी राहिलेली चांगली व्यवस्था एका पानावर मोडीत निघाली. ती कशी उभी राहिली हे आठवणारे आम्ही आता थोडेच उरलो आहोत, म्हणून लिहायला बसले.

मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टरच्या आसपासच्या गावांत मराठी कुटुंबं नोकऱ्यांसाठी आली, मुलांच्या शाळांसाठी टिकली. सुरुवातीच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. बर्फ पडे, कंत्राटदार रस्ता साफ करी, महिन्याची वर्गणी खात्यातून जाई. मान वर करून छताकडे कोणी पाहत नसे. २०११च्या जानेवारीत लागोपाठ वादळं आली आणि काही घरांत खिडकीच्या चौकटीवरून पाणी ओघळलं. समितीने रंगारी बोलावून डाग झाकले आणि विषय संपवला.

मग २०१५ उजाडलं. २६ जानेवारीला सुरू झालेल्या वादळात वूस्टरला ३४.५ इंच बर्फ पडला. फेब्रुवारीच्या एका महिन्यात बॉस्टनला ६४.८ इंच, आणि सबंध मोसमात ११०.६ इंच. बॉस्टनच्या नोंदींत एवढा हिमवर्षाव आधी कधीच नव्हता. शहरातून उपसलेला बर्फ सीपोर्ट भागात नेऊन टाकला होता, तो ढीग पुरता वितळायला १४ जुलै उजाडली. बर्फापेक्षाही त्रास दिला तो थंडीच्या चिकाटीने. एरवी दोन वादळांच्या मध्ये चार उबदार दिवस येतात, छत मोकळं होतं. त्या फेब्रुवारीत पारा शून्याच्या वर ठरेचना, आणि छतावर थरावर थर चढत गेले.

महाराष्ट्रात हे वाचणाऱ्यांसाठी थोडं उलगडून सांगते. घरातली ऊब छताखालच्या अ‍ॅटिकमध्ये झिरपते. छतातल्या दिव्यांच्या खाचा, बाथरूमच्या पंख्याची नळी, अ‍ॅटिकच्या झडपेची फट, कुठूनही. त्या उबेने छताचा वरचा भाग तापतो, तिथला बर्फ खालच्या बाजूने वितळतो आणि पाणी उतारावरून वळचणीकडे येतं. वळचण भिंतीच्या बाहेर असते, तिच्याखाली ऊब नसते, म्हणून पाणी तिथे गोठतं. होता होता कडेला बर्फाचा बांध तयार होतो आणि त्याच्यामागे पाणी तुंबतं. छतावरच्या शिंगल्स, म्हणजे एकीवर एक चढवलेल्या पट्ट्या, वरून खाली वाहून जाणाऱ्या पाण्यासाठी असतात. तुंबून उलटं चढणारं पाणी त्यांच्याखालून घरात येतं. पन्हळीला लटकलेल्या लांबलचक बर्फाच्या सुळ्यांचे फोटो लोक त्या वर्षी कौतुकाने घरी पाठवत होते, तेव्हा त्यातल्या कित्येक घरांत भिंतीतलं इन्सुलेशन भिजत होतं.

आमच्या रांगेत पाणी आलं नाही असं घर क्वचितच होतं. लोक कुऱ्हाड आणि हातोडा घेऊन शिडीवर चढले. बांध फुटला आणि त्याबरोबर शिंगल्सही फुटल्या. वाफेने बर्फ उतरवणारे जाणकार कामगार होते, पण त्यांच्याकडे आठवडे आठवडे वेळ नव्हता. तेव्हाच्या आमच्या अध्यक्षांचं वाक्य मी विसरलेली नाही: छत सामाईक आहे, पण घरात आलेलं पाणी ज्याचं त्याचं. इथला कॉन्डोमिनियमचा कायदा, राज्याच्या जनरल लॉजमधलं प्रकरण १८३-ए, १९६३ पासून आहे. आमच्या मास्टर डीडमध्ये, म्हणजे वसाहतीच्या मूळ दस्तऐवजात, छप्पर सामाईक मालमत्तेत स्पष्ट लिहिलेलं आहे, त्याची दुरुस्ती असोसिएशनकडेच येते. ते वाचून दाखवायला आमच्यातल्या एक वहिनी सभेत उभ्या राहिल्या, तर त्यांना वेळ संपल्याचं सांगून बसवलं गेलं. त्या अध्यक्षांच्या स्वतःच्या छतावर मात्र पुढच्याच महिन्यात तारा चढल्या.

घाईने बसवलेल्या त्या पहिल्या तारा आठवल्या की आजही अंगावर काटा येतो. कंत्राटदार सगळ्यात स्वस्त होता. ठरावीक वॉटची साधी केबल त्याने शिंगल्सना खिळे ठोकून लावली, म्हणजे ज्या छतातून पाणी येत होतं त्यालाच नवी भोकं पाडली. असली केबल स्वतःवरून आडवी गेली तर त्या जागी तापत राहते. ती एकमेकींना टेकू द्यायची नसते, कापून लहान करायची नसते. त्याने उरलेली लांबी गुंडाळून पन्हळीत कोंबली, वाळक्या पानांवर. वीज घेतली ती दारावरच्या दिव्यांच्या सॉकेटमधून, नारिंगी एक्स्टेंशन कॉर्ड लावून. पुढच्या हिवाळ्यात एका घराच्या पन्हळीतली पानं काळी पडलेली सापडली. आग लागली नाही हे त्या रात्रीच्या ओल्या हवेचे उपकार.

त्यानंतरची चार-पाच वर्षं ही आमच्या असोसिएशनची सर्वांत चांगली वर्षं होती, असं मी ठामपणे म्हणेन. नवी समिती निवडून आली. कोपऱ्यावरच्या घरातले निवृत्त इलेक्ट्रिशियन गृहस्थ तिच्यात होते. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं की आधी अ‍ॅटिक, मग केबल. उबेची गळती बंद केली नाही तर केबल फक्त बांधातून वाट काढते, बांध होण्याचं कारण तसंच राहतं. मास सेव्ह या राज्यातल्या ऊर्जाबचत योजनेचा आधार घेऊन घरोघरी फटी बुजवल्या आणि इन्सुलेशनचा थर वाढवला. निम्म्याहून अधिक छतांना पुढे तारेची गरजच उरली नाही.

जिथे उरली, तिथे स्वतःची उष्णता स्वतः सांभाळणारी केबल घेतली. तिच्या दोन तारांमध्ये असा पदार्थ असतो की थंडी वाढली की तो जास्त वीज वाहू देतो, ऊब वाढली की कमी. गावच्या वायर इन्स्पेक्टरकडून परवाना काढला, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक इमारतीसाठी स्वतंत्र सर्किट करून घेतलं. नॅशनल इलेक्ट्रिकल कोडचं ४२६ क्रमांकाचं कलम बाहेरच्या बर्फ वितळवणाऱ्या उपकरणांना ग्राउंड-फॉल्ट संरक्षण सक्तीचं करतं. असं संरक्षण साधारण ३० मिलिअँपिअर वीज भलत्या वाटेने जाऊ लागताच पुरवठा तोडतं. जखमी केबल ओल्या पन्हळीत ठिणग्या सोडत राहू शकते आणि साधा ब्रेकर तेवढ्यावर हलतही नाही, म्हणून हे संरक्षण हवं. तार नागमोडी वळणांनी, भिंतीच्या रेषेपासून साधारण फूटभर वर जाईल अशी लावली. खिळा एकही नाही, सगळ्या क्लिपा. पन्हळीतून ती खाली उतरणाऱ्या पाइपच्या थेट तोंडापर्यंत नेली, कारण वर वितळलेलं पाणी पाइपात गोठलं तर सगळा खटाटोप वाया जातो. हवा गोठणबिंदूजवळ आली आणि ओल जाणवली तरच चालू होईल असा नियंत्रक बसवला. त्याचा हिशेब सोपा होता. शंभर फूट केबल, फुटाला सात वॉट, अखंड चालली तर दिवसाला १६.८ युनिट, आजच्या सुमारे तीस सेंटच्या दराने रोज पाच डॉलर. हिवाळाभर कारण नसताना चालू ठेवली तर शेकड्यांत जातं.

पण खरी कमाई ऑक्टोबरच्या पाहणीची होती. पानं गळून गेली की एका शनिवारी ब्रेकर बंद करून प्रत्येक वळचण तपासली जाई. खारींनी कुरतडलेलं आवरण, सैल क्लिप, तुंबलेली पन्हळ, सगळं वहीत लिहिलं जाई. मग संरक्षणाचं बटण दाबून चाचणी होई. शिडीवर एकट्याने चढायचं नाही आणि बर्फ पडल्यानंतर छतावर कोणीच जायचं नाही, हे नियम वहीच्या पहिल्या पानावर होते. खालून शिडी धरायला शाळकरी मुलं येत, नंतर कुणाच्या तरी अंगणात चहा आणि पोहे होत. छत आपलं सगळ्यांचं आहे ही गोष्ट त्या शनिवारी कुणाला समजावून सांगावी लागत नसे.

मग हिवाळे कोरडे गेले. बॉस्टनला २०२२-२३ मध्ये १२.४ इंच बर्फ पडला, २०२३-२४ मध्ये ९.८. ते इलेक्ट्रिशियन गृहस्थ मुलीकडे दक्षिणेत राहायला गेले. नवी घरं घेतलेल्यांना २०१५ ऐकूनही माहीत नाही. सभेला गणसंख्या भरेना, कारभार व्यवस्थापन कंपनीकडे गेला, पाहणी एक वर्ष राहिली आणि मग सुटलीच. वही कुठे आहे असं मी विचारलं, तेव्हा नोंदी नव्या प्रणालीत हलवल्याचं उत्तर आलं. त्या नोंदी मला अजून कोणी दाखवलेल्या नाहीत.

आणि आता हे परिपत्रक. सलग छताचे घरापुरते तुकडे करता येत नाहीत, एवढं साधं ते लिहिणाऱ्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या हद्दीत वितळलेलं पाणी पन्हळीतून तुमच्या हद्दीत येईल आणि तिथे केबल नसेल तर तुमच्या वळचणीला गोठेल. मी तारा लावल्याने तुमच्या घरात पाणी येईल. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली खोकी शनिवार-रविवारी छतावर चढतील, पुन्हा नारिंगी कॉर्ड दिसतील, आणि एका घराला आग लागली तर ती त्याच एका अ‍ॅटिकच्या रांगेतून पुढे जाईल. ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असं लिहिल्याने असोसिएशनची जबाबदारी सुटत नाही. छप्पर कालही सामाईक होतं, आजही आहे.

आमची वार्षिक सभा ऑक्टोबरात आहे. मी ठराव दिला आहे: केबल असोसिएशननेच लावावी किंवा कोणीच लावू नये, आणि पाहणी पुन्हा सुरू व्हावी. उत्तरेकडच्या राज्यांत अशा घरांत राहणाऱ्या मराठी वाचकांना एवढीच विनंती आहे. प्रॉक्सीवर सही करून देऊ नका, स्वतः सभेला जा. तुमच्या छतावरची तार कोणत्या सर्किटवर आहे, तिला ग्राउंड-फॉल्ट संरक्षण आहे का आणि ते शेवटचं कधी तपासलं, हे विचारा आणि मिळालेलं उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.