माळा, लॉफ्ट आणि ‘मोकळी जमीन’

मुंबईकराला ‘लॉफ्ट’ म्हटलं की स्वयंपाकघराच्या दारावरचा माळा आठवतो. गणपतीचं मखर, तांब्याचा बंब, पाहुण्यांच्या गाद्या आणि ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेलं सगळं त्याच्या पोटात. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत तर पोटमाळ्यावर माणसंही झोपत. जाहिरातीतला लॉफ्ट निराळा. उंच छत, गिलावा नसलेल्या विटा, बिडाचे खांब, भिंतभर खिडक्या. हा लॉफ्ट कारखान्यात जन्मला. मुंबईत कारखान्यांचं एक अख्खं गाव होतं, तरी इथे तो रुजला नाही. त्याचं कारण वास्तुकलेपेक्षा नियमांच्या पुस्तकात जास्त सापडतं.

न्यूयॉर्कच्या सोहो भागात एकोणिसाव्या शतकात गोदामं आणि लहान कारखान्यांसाठी बिडाच्या दर्शनी भिंतींच्या इमारती उभ्या राहिल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर धंदे हलले, मजले ओस पडले. चित्रकार-शिल्पकारांना मोठी, उजेडाची आणि स्वस्त जागा हवीच होती. ते तिथे गुपचूप राहू लागले. गुपचूप अशासाठी, की जागा उद्योगासाठी राखीव होती. १९७१ मध्ये शहराने नियम बदलून कलावंतांना राहायची मुभा दिली, १९७३ मध्ये परिसराला ऐतिहासिक दर्जा मिळाला आणि १९८२ मध्ये न्यूयॉर्क राज्याने ‘लॉफ्ट कायदा’ केला. कारखान्याच्या इमारतीत आधीच संसार थाटलेल्या भाडेकरूंना त्याने संरक्षण दिलं आणि इमारत राहण्याजोगी सुरक्षित करायची जबाबदारी मालकावर टाकली. पुढे सोहो इतकं महागलं की नव्या कलावंताला तिथे दारही परवडेना. इमारती मात्र टिकल्या.

त्याच १९८२ च्या १८ जानेवारीला मुंबईत डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. १८५६ मध्ये ताडदेवला कावसजी दावर यांच्या गिरणीत सूत निघू लागलं, तेव्हापासून वाढत गेलेल्या गिरणगावाचा श्वास तिथे अडकला. मागे उरल्या ५८ गिरण्या आणि त्यांच्याखालची सुमारे ६०० एकर जमीन.

या गिरण्या घरांसाठी वापरता आल्या असत्या का? इमारतीकडे पाहिलं तर उत्तर बरंचसं ‘हो’ येतं. साचेखात्याचं, म्हणजे मागांच्या शेडचं, छप्पर करवतीच्या दात्यांसारखं असे. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि तोंड उत्तरेला. दक्षिणेकडून फिरणारं ऊन त्यातून थेट आत येत नाही, पण दिवसभर एकसारखा उजेड मिळतो आणि तुटलेला धागा डोळ्यांना दिसतो. सूतकताईच्या मजली इमारतींत दगड-विटांच्या जाड भिंती आणि यंत्रांचं वजन, हादरे सोसणाऱ्या जमिनी होत्या. जिथे ओळीने यंत्रं धडधडत, तिथे चार माणसांचा संसार म्हणजे काहीच भार नव्हे.

अडचणीही खऱ्या होत्या. इमारत इतकी रुंद, की मधल्या भागात खिडकीचा उजेड पोहोचत नाही. मग पोट कापून आत चौक काढावा लागतो. शंभर माणसांना मिळून एका टोकाला शौचालय असतं, तिथे प्रत्येक घराला नळ आणि मोरी न्यावी लागते. लाकडात वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं, छपरावर ॲस्बेस्टॉसचे पत्रे. पण गिरण्यांच्याच मँचेस्टरमध्ये, अँकोट्स भागात, अशाच सूतगिरण्यांचे फ्लॅट झाले. म्हणजे काम खर्चिक होतं, अशक्य नव्हतं.

मुंबईत खरा खेळ झाला तो विकास नियंत्रण नियमावलीच्या ५८व्या नियमात. १९९१ च्या या नियमाने गिरणीच्या उभ्या बांधकामाचा व्यापारी वापर करायला मुभा दिली. म्हणून आहे त्या शेडमध्ये दुकानं, कचेऱ्या, उपाहारगृहं आली. फिनिक्स मिलमध्ये मॉल झाला, चिमणी तशीच उभी राहिली. घरांना मात्र या वाटेत जागा नव्हती. मोकळ्या जमिनीसाठी ढोबळ वाटणी होती: एक तृतीयांश महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेला परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला.

प्रश्न एकच, ‘मोकळी’ म्हणजे कोणती? २००१ च्या दुरुस्तीने उत्तर दिलं: आधीपासून जी रिकामी आहे तेवढीच. शेड पाडून जी रिकामी होईल ती वाटणीत धरायची नाही. समजा, गिरणी १८ एकरांची आहे. १२ एकरांवर बांधकाम, सहा एकर मोकळे. सगळं पाडून तीन वाटे केले तर शहराला सहा आणि म्हाडाला सहा एकर मिळतात. दुरुस्तीनंतर फक्त त्या सहा एकरांचे वाटे होतात आणि दोघांच्या हाती दोन-दोन एकर येतात. पाडकाम केलं म्हणून मालकाला काही सोडावं लागत नाही. अशा हिशेबात जुनी भिंत कोण सांभाळणार? बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप ही संस्था न्यायालयात गेली. २००५ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल तिच्या बाजूने लागला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली.

त्याआधी १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा एकत्रित विचार मांडला होता. तो बासनात गेला आणि भूखंड एकेक करून विकले गेले. ज्युपिटर, एल्फिन्स्टन अशा गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे आले, त्यात हजारो नोकरदार आले. स्टेशनचे पूल गिरणीच्या काळातलेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारात आग लागून १४ जण मेले. नुसत्या पुनर्वापराने जागा सुरक्षित होत नाही, हेही तेव्हा कळलं.

आणि कामगार? २०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी पहिली मोठी सोडत काढली: ६,९२५ घरं, प्रत्येकी २२५ चौरस फूट, किंमत साडेसात लाख. घरासाठी अर्ज करणारे कामगार आणि वारस मात्र सुमारे पावणेदोन लाख. जमिनीचा वाटा आक्रसला, तशी सोडतीच्या पिंपातली चिठ्ठी दुर्मीळ झाली. पाळी संपवून एकाच खोलीत आळीपाळीने पाठ टेकणाऱ्यांच्या मुलांना गिरणीच्याच जमिनीवर घर मिळालं, तर ते असं नशिबाने.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमध्ये वस्त्रसंग्रहालयाची योजना आहे; चांगलंच आहे. पण कारखान्यांच्या जागा आता ठाण्यात, भांडुपला, पुण्यात, सोलापुरातही बदलताहेत. सोहोत कायद्याने आत राहणारी माणसं मोजली, म्हणून तिथे इमारत घर झाली. मुंबईत नियमाने जमीन मोजली आणि तीही सोयीने मोजली. तुमच्या गावात एखाद्या कारखान्याभोवती उंच पत्रे लागले, तर चिमणी ठेवणार का हे जरूर विचारा. पण त्याआधी नियमाचा कागद मागवा आणि त्यात ‘मोकळी जमीन’ कशाला म्हटलंय ते वाचा. चिमणी एखादी ठेवतातच. फोटोत बरी दिसते.