लॅव्हेंडरचे तेल : थेंबाने वापरावे, औषध समजू नये

हल्ली शहरात किंवा आखातात नोकरीला असलेली मुले सुट्टीवर येताना घरी एक छोटी बाटली घेऊन येतात. तिच्यावर जांभळ्या फुलांचे चित्र असते. "आई, हे लॅव्हेंडरचे तेल. अंगाला लाव, उशीवर शिंपड, झोप छान लागेल," असे सांगून मुलगा परत जातो. मग ते तेल कधी टाचेच्या भेगांना, कधी भाजलेल्या बोटाला, तर कधी तान्ह्या नातवाच्या छातीला थेट बाटलीतून लावले जाते. यातले काय चालते आणि काय धोक्याचे आहे, हे प्रत्येक घरात ठाऊक असायला हवे.

हे तेल येते कोठून?

लॅव्हेंडर हे तुळशीच्याच कुळातले एक लहान झुडूप आहे. मूळचे ते भूमध्य समुद्राकाठच्या डोंगराळ भागातले. फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतात त्याची मोठी शेती होते. आपल्या देशात ते काश्मीरमध्ये व जम्मूकडील डोडा जिल्ह्यात भद्रवाह येथे पिकते. पूर्वी मका घेणाऱ्या तेथील कित्येक शेतकऱ्यांनी सरकारी संशोधन संस्थेच्या 'अरोमा मिशन' योजनेतून हे पीक धरले. २०२२ साली तेथे पहिला लॅव्हेंडर उत्सवही भरला.

फुलांतून वाफ सोडून तेल काढतात. वाफ थंड केली की पाण्यावर तेल तरंगते, ते वेगळे करतात. शंभर किलो ताज्या फुलांतून साधारण एक किलोच्या आसपास तेल मिळते. म्हणजे दहा मिलिलीटरच्या बाटलीमागे जवळजवळ किलोभर फुले लागतात. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. एक, हे तेल खोबरेल किंवा तिळेलासारखे नसून अतिशय तीव्र असा अर्क आहे. दुसरी, जत्रेत वीस-तीस रुपयांना मिळणारी बाटली खऱ्या लॅव्हेंडरची असणे कठीण. तिच्यात बहुधा नुसते कृत्रिम अत्तर असते.

भाजलेल्या हाताची गोष्ट

रेने मॉरिस गाटफोसे या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचे हात १९१० साली प्रयोगशाळेतील स्फोटात भाजले. पुढे जखमा चिघळल्या, तेव्हा त्याने लॅव्हेंडरचे तेल वापरले आणि त्याचा गुण आला असे लिहून ठेवले. १९३७ साली त्याने सुगंधी तेलांच्या उपचारावर पुस्तक काढले. पण तोंडोतोंडी जाताना या गोष्टीला तिखटमीठ लागले. 'भाजलेला हात लॅव्हेंडरच्या तेलात बुडवला आणि लगेच बरा झाला' असे सांगू लागले.

या गोष्टीवर विसंबून चुलीवर भाजलेल्या हाताला कोणीही तेल लावू नये. भाजल्याबरोबर तो भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या गार पाण्याखाली धरावा. तेल, तूप, टूथपेस्ट काहीही लावू नये. फोड मोठे असतील, किंवा तोंड, हात अथवा सांध्यावर भाजले असेल, तर दवाखाना गाठावा. तसेच विळा-कोयता लागला, खिळा किंवा काटा रुतला, तर जखम साबण-पाण्याने स्वच्छ धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनाबद्दल डॉक्टरांना विचारावे. शेणामातीत काम करणाऱ्याला धनुर्वाताचा धोका अधिक, आणि तो कोणत्याही सुगंधी तेलाने टळत नाही.

अंगाला लावायचे झाल्यास

शंभर मिलिलीटर खोबरेल तेलात लॅव्हेंडरचे वीस थेंब, म्हणजे सुमारे एक मिलिलीटर, हे प्रमाण मोठ्या माणसाला पुरेसे आहे. याहून अधिक घातल्याने गुण वाढत नाही, आग मात्र होऊ शकते. रात्री पाय धुऊन, पुसून टाचांना चोळावे. टाच मऊ होते ती मुख्यतः खोबरेलामुळे. लॅव्हेंडर सुवास देते. भेगेतून रक्त येत असेल तर हे तेलही लावू नये.

पहिल्यांदा वापरण्याआधी परीक्षा घ्यावी. मिसळलेल्या तेलाचा एक थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबावे. खाज, लाली किंवा पुरळ आले तर ते आपल्याला सोसत नाही असे समजावे. बाटली उघडी राहून जुनी झाली की तेलातील लिनालूल हा घटक हवेशी संयोग पावतो, आणि त्यातून त्वचेला ॲलर्जी करणारे पदार्थ तयार होतात. म्हणून बाटली गडद काचेची असावी, झाकण घट्ट असावे, ती उन्हापासून दूर ठेवावी. जुने तेल अंगाला वापरू नये.

गजकर्ण, खरूज, इसब यांवर हे औषध नव्हे. महिनाभर सुगंधी तेल चोळत बसलात तर तोवर गजकर्ण घरातल्या सर्वांना होते.

उशीवर मारायचा फवारा

तेल पाण्यात विरघळत नाही. पाण्यात थेंब टाकून फवारले तर आधी नुसते पाणी आणि शेवटी निव्वळ तेल बाहेर येते. ते डोळ्यांत गेल्यास फार झोंबते. शिवाय नुसत्या पाण्यात काही दिवसांतच जंतू वाढतात.

म्हणून औषधाच्या दुकानातील ७० टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल शंभर मिलिलीटर घ्यावे. त्यात लॅव्हेंडरचे वीस थेंब घालून हलवावे. हा फवारा फक्त चादर, उशी व पडद्यांसाठी आहे, अंगासाठी नाही. खिडकी उघडी ठेवून एक-दोन वेळा मारावा, आणि पूर्ण वाळल्यावरच बिछान्यावर पडावे. अल्कोहोल झटकन पेटते. चूल, देव्हाऱ्यातील मेणबत्ती, मच्छर अगरबत्ती किंवा पेटती विडी जवळ असताना फवारा कधीही मारू नये. रंगकामाचे स्पिरिट वापरू नये, त्यात विषारी मेथेनॉल असू शकते.

एवढी यातायात नको असेल तर वाळलेली फुले कापडी पुरचुंडीत बांधून उशीजवळ ठेवावी. हा सर्वांत सोपा मार्ग.

झोपेचे म्हणाल, तर हलक्या ताणासाठी आणि झोप लागण्यासाठी लॅव्हेंडरचा वापर युरोपच्या औषध संस्थेने मान्य केला आहे, पण तो दीर्घकाळच्या परंपरेच्या आधारावर. कर्जाच्या किंवा पिकाच्या काळजीने आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर फवाऱ्यावर भागवू नका. घरच्यांशी बोला, डॉक्टरांकडे जा. त्यात कमीपणा नाही.

एवढे मात्र टाळावे

तेल पोटात घेऊ नये. तान्ह्या मुलांना लावू नये, त्यांच्या जवळ फवारू नये. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारूनच वापरावे. दमेकऱ्याला वासाने त्रास होत असेल तर बंद करावे. घरात मांजर असल्यास तेल तिच्या अंगाला लागू देऊ नये, तिला ते विषारी ठरते.

आपल्या शेतात लावावे काय?

भद्रवाह पाच हजार फुटांहून उंच आहे, तेथे हिवाळ्यात बर्फ पडते. लॅव्हेंडरला तशी थंडी, कोरडी हवा आणि पाण्याचा झटकन निचरा होणारी चुनखडीची जमीन लागते. कोकण-गोव्याच्या पावसात किंवा माळव्याच्या काळ्या मातीत मुळाशी पाणी साचले की झाड कुजते. तेव्हा कोणी रोपे विकायला आला तर पैसे देण्याआधी कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी.

सुवासच हवा असेल तर आपल्या उष्ण हवेत वाळा उत्तम येतो. बांधावर लावला तर त्याची खोल मुळे माती धरून ठेवतात. काही मुळे काढून, धुऊन, वाळवून कपड्यांच्या पेटीत ठेवली की वर्षभर मंद सुगंध येत राहतो. त्याला बाटलीही लागत नाही आणि खर्चही नाही.