‘पेरे’ : एका शब्दाचा अर्थ आणि वापर



आज ‘पेरे’ या एका हिब्रू शब्दाविषयी बोलावयाचे आहे. बोलण्यात ‘पेरे आदाम’ म्हणजे रानटी माणूस. ती एक शिवीच झाली आहे. ‘पेरे’ हे मुळात रानगाढवाचे नाव. कच्छच्या रणातील घुडखर त्याचाच भाऊबंद. या देशातून ते नाहीसे झाले होते. १९८२ पासून मख्तेश रामोन येथे त्याच्या इराणी व तुर्कमेनी जातींची संकरित प्रजा सोडण्यात आली. आज नेगेवमध्ये त्यांचे कळप फिरतात.

बरेशीथच्या १६ व्या अध्यायात छळाला कंटाळून पळालेल्या गरोदर दासी हागारला देवदूत सांगतो की, तुझा पुत्र ‘पेरे आदाम’ होईल. राशी याचा अर्थ ‘अरण्यात रमणारा, शिकार करणारा’ असा लावतो. इयोबच्या ३९ व्या अध्यायात तर हे जनावर मोकळे आहे. हाकणाऱ्याची आरोळी ते ऐकत नाही. यिर्मयाने हाच शब्द दोष देताना वापरला, हेही खरे. तरीही दासीच्या कानी ‘तुझा मुलगा कोणाचा दास होणार नाही’ हा अर्थ पडला असेल, असे मला वाटते.

आपल्या मराठीतही तसेच आहे. रानफूल, रानमेवा हे शब्द गोड. रोपाला ‘रानटी’ म्हटले तर ते केवळ वर्णन, माणसाला म्हटले की अपमान.

मी परिचारिका असताना एका रात्री वॉर्डात आपल्याच समाजातील एक वृद्ध गृहस्थ नळ्या उपटीत, हात झटकीत होते. त्यांना हिब्रू येत नव्हते. पाळी सोपविताना मला सांगण्यात आले, “तो पेरे आहे, त्याला बांधावे लागेल.” मी जवळ जाऊन विचारले, “आजोबा, काय होतंय?” ते म्हणाले, “बाय, सांजपासून लघवी होत नाय गो.” पोट चाचपले, तो मूत्राशय तुडुंब भरलेले. डॉक्टरांना बोलावून नळी घातली. अर्ध्या तासात आजोबा शांत झोपले.

लघवी अडणे, ताप, वेदना यांनी वृद्ध माणूस एकाएकी भ्रमिष्ट व अनावर होतो. ‘नळी उपटली’ ही नोंद आहे. ‘पेरे आहे’ हा निवाडा आहे. नोंद कारण शोधावयास लावते, निवाडा शोध थांबवितो.

आपल्या घरीही वृद्ध माणसे आहेत. कोणी अनावर झाले, तर हा शब्द उच्चारण्यापूर्वी त्यांच्याच भाषेत एवढेच विचारावे : काय होतंय?