कुंभारजुव्याच्या कालव्यात होडीने जाताय? मगरीसोबत ‘मानस’ही बघा

अनमोड घाट उतरून फोंड्यामार्गे पणजीला जाणाऱ्या बेळगाव-खानापूरकडच्या गाड्या बाणस्तारीला एक पूल ओलांडतात. खाली असतो कुंभारजुवे कालवा. मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना जोडणारा हा जलमार्ग सुमारे १७ किलोमीटरचा. २०१६ च्या कायद्याने तो राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २७ ठरला.

सहलीचे गट इथे होडीत बसतात ते मुख्यतः मगरी बघायला. ओहोटीला काठचा चिखल उघडा पडतो आणि मगरी तिथे ऊन खात पडतात. म्हणून होडी ठरवताना आधी भरती-ओहोटीची वेळ विचारावी. त्याच वेळी काठावरचं आणखी एक काम नीट दिसतं, ते म्हणजे खाजन शेतीचे बांध आणि मानस.

मानस म्हणजे काय?

या कालव्यात पाणी एकाच दिशेने वाहत नाही. दिवसातून दोनदा भरती येते आणि खारं पाणी आत चढतं. काठची भातशेती भरतीच्या पातळीपेक्षा खाली. ती वाचवतो चिखल, पेंढा आणि चिऱ्यांचा बांध. बांधात ठेवलेली झडप म्हणजे मानस. तिची लाकडी दारं फक्त कालव्याच्या बाजूला उघडतात. भरतीचं पाणी दारांवर दाबलं की ती आपोआप मिटतात. ओहोटी लागली की शेतातलं साठलेलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. ना मोटर, ना वीज!

दुर्लक्ष झालं तर?

बांध-मानस पूर्वी गावकरी म्हणजे कोमुनिदाद सांभाळत. पुढे हे काम कुळ संघटनांकडे आलं. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो. जास्त मासळी आत यावी म्हणून दारं उघडी ठेवली जातात, अशी शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. बार्जच्या लाटांनीही बांध खचतात. एकदा भगदाड पडलं की शेतात मीठ बसतं. ते धुऊन निघायला पावसाळे जावे लागतात. शेत तसंच पडून राहिलं तर खारफुटी वाढते. खारफुटीला कायद्याचं संरक्षण असल्याने ती जमीन पुन्हा भाताखाली आणणं अवघड होतं.

त्यामुळे होडीतून जाताना बांधाच्या आत नजर टाका. भाताचे कोंब किंवा खुंट दिसले तर तिथली मानस काम करतेय. खारफुटी दिसली तर बांध कधीतरी फुटला आणि वेळेत बांधला गेला नाही, असं समजायला हरकत नाही.